मधली सीट

साहेबांनी माहितीपत्रक उलटं केलं आणि मागच्या बाजूचा सगळ्यात बारीक मजकूर आधी वाचायला घेतला. पुढच्या बाजूला पाण्यावर उतरणारं पिवळं विमान होतं आणि त्याच्या खाली निळसर बर्फाचा अफाट पसारा. त्याच्याकडे साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. चित्र काय, कुणालाही छापता येतं.

“ढग आले तर?” त्यांनी विचारलं.

“विमान निघालंच नाही तर सगळे पैसे परत, काका,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. बोट सकाळीच बंदराला लागली होती आणि तिच्यासमोर रांग वाढत चालली होती.

“निघालं आणि वर गेल्यावर ढग लागले तर?”

“मग नाही.”

“हं.” साहेबांनी खिशातली वही काढून लिहिलं. “खिडकी सगळ्यांना?”

“सहा माणसं, सहा खिडक्या. मागे मधोमध एक सातवी सीट असते, पण ती आम्ही विकत नाही. तिथून काहीच दिसत नाही.”

साहेबांनी तेही लिहिलं. दराचा आकडा त्यांनी लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. आठ दिवसांच्या अख्ख्या क्रूझला जेवढं भाडं पडलं होतं, त्याचा चौथा हिस्सा चाळीस मिनिटांच्या फेरीला जाणार होता, तोही माणशी. बोटीचं भाडं मुलीने आणि जावयाने भरलं होतं. निघताना मुलीने एवढंच बजावलं होतं, “बाबा, बाकी काही करू नका, पण आईला विमानातून बर्फ दाखवा. तेवढ्यासाठी पाठवतेय.”

“आज अकराच्या फेरीत दोन जागा आहेत,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “उद्या सकाळी एक फेरी आहे, पण हवेचा काही भरवसा नाही. आणि उद्या दुपारी तर आपली बोट निघतेच.”

“घेऊन टाकू या,” शेजारी उभ्या असलेल्या बाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या.

“घेऊ ना. नको कोण म्हणतंय? आधी दोन ठिकाणी विचारून तर येऊ.”

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाई तिच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी पाहत होत्या. आपल्यामागे कुणी उभं आहे असं वाटून मुलीने वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

*

त्यांची खोली बोटीच्या पोटात होती. खिडकी नसलेली खोली स्वस्त पडते, आणि झोपायलाच तर यायचंय, असा साहेबांचा हिशेब होता. खोलीत दिवा लावल्याशिवाय दिवस आहे का रात्र ते समजत नसे.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. साहेबांनी कपाटातून त्यांची प्लास्टिकची फाइल काढली. पासपोर्ट, विम्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, बाईंचं डोळ्याचं प्रमाणपत्र, प्रत्येकाच्या तीन तीन प्रती. फाइल घेतल्याशिवाय साहेब बोटीवरच्या जेवणाच्या हॉलमध्येसुद्धा जात नसत.

एका कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची बारा प्रमुख म्हणून. काहीही घ्यायचं तर तीन दरपत्रकं, हा नियम. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी घाईत एका दरपत्रकावर माल उचलला होता, आणि माल देणारा निघाला कुणाचा तरी मेव्हणा. साहेबांचा काडीचा संबंध नव्हता, पण मेमो त्यांच्या हातात पडला. तेव्हापासून हा नियम कारखान्यापुरता राहिला नाही. पंखा, पलंग, मुलीची शाळा, सगळ्याला तीन. लग्नालाही तीनच मुली पाहिल्या होत्या, आणि “तिसरं कोटेशन मंजूर केलं,” हा विनोद ते चारचौघांत अजून करत. पहिली दहा वर्षं बाई त्यावर हसल्या होत्या.

“मला किती दिसेल हाच ना तुमचा प्रश्न?” बाई म्हणाल्या.

“मी तसं काही म्हटलं का?”

“म्हटलं नाहीत. वहीत लिहिलंत.”

साहेबांनी वही मिटली. खरंच लिहिलं होतं. ‘प्रत्यक्ष उपयोग किती?’

“तुम्हाला पुन्हा सांगते,” बाई म्हणाल्या. “ताटातला घास मला दिसत नाही. घड्याळातले काटे दिसत नाहीत. जे बघायला जावं तेच मधोमध पुसलं जातं. पण कडेचं सगळं दिसतं. खोली दिसते, दारातलं माणूस दिसत नाही. डोंगर दिसतो, त्याच्यावरचं झाड दिसत नाही. जेवढं मोठं, तेवढं मला बरं. इतकं मोठं इथे दुसरं काय आहे? खालच्या दुकानांत नेऊन मला काय दाखवणार तुम्ही, किल्ल्यांना लावायच्या साखळ्या?”

बाई एवढं एका दमात सहसा बोलत नसत. त्या नकाशे काढायच्या. एका सरकारी कार्यालयात, उतरत्या पाटाच्या मोठ्या टेबलाशी, विमानातून घेतलेल्या फोटोंवर पातळ कागद पसरून शाईने नद्या, उंचीच्या रेघा, बर्फाच्या कडा उतरवायच्या. एकात एक जाणाऱ्या त्या रेघा कार्यालयात त्यांच्यासारख्या कुणालाच जमत नसत. सगळे त्यांना नकाशाबाईच म्हणत.

“एकोणतीस वर्षं वरून दिसतं तसं काढलं,” त्या म्हणाल्या. “वरून कधी बघितलं नाही.”

“येताना विमानाने आलोच की आपण.”

“तुम्ही मधली रांग घेतली होती. पाय पसरायला बरं म्हणून.”

साहेब चष्मा पुसायला लागले. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण वाईट वाटलं की ते कार्यालयात बोलायचे तसं बोलायला लागत.

“हे बघ, मुद्दा एवढाच आहे. ज्याला दोन डोळ्यांनी दिसतं त्याला जो दर, तोच तुला. अर्ध्या डोळ्याला पूर्ण तिकीट. हे कुठल्या तत्त्वात बसतं?”

हे बोलून झाल्यावर ते कसं ऐकू आलं असेल हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर बोलून झालं होतं.

बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “डोळ्याच्या वेळीही तीनच घेतली होती.”

“ते वेगळं होतं.”

“हो. ते फुकट होतं, विम्यात.”

चार वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याला सरळ रेघा अचानक वाकड्या दिसायला लागल्या, तेव्हा पहिल्या डॉक्टरने सांगितलं होतं की डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतंय, याच आठवड्यात इंजेक्शन सुरू करू. साहेब म्हणाले, डोळ्यात सुई म्हणजे काय खेळ आहे का, आणखी दोघांना दाखवू. दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसरा परदेशी गेला होता. तो येऊन, त्याची वेळ मिळून, सात आठवडे गेले. त्याने डोळा तपासला, कागद पाहिले आणि विचारलं, “आधी का नाही आलात?” बाईंनी नंतर कधी तो विषय काढला नाही. आता डावा डोळाही त्याच वाटेने बराच पुढे गेला होता. या वेळी इंजेक्शनं वेळेवर चालू होती, तरीही डॉक्टर म्हणत होते, एवढी नजर वर्षभर टिकेल असं धरून चाला, पुढचं पुढे बघू.

घरात या डोळ्यांची सवय झाली होती. समोरच्याचा चेहरा बघायचा असला की बाई त्याच्या कानाच्या बाजूला नजर लावत आणि कडेने चेहरा पकडत. सरळ पाहिलं तर चेहरा गेलाच. जावई गमतीने म्हणायचा, “सासूबाईंनी माझ्याकडे टक लावून बघितलं की समजायचं, त्यांना मी नकोसा झालोय.” बाई त्यावर हसायच्या आणि मुद्दाम त्याच्याकडे टक लावून बघायच्या.

आता त्या साहेबांच्या डाव्या कानाकडे बघत होत्या.

“दीड तासात येतो,” साहेब म्हणाले. त्यांनी फाइल काखेत मारली. “कुठे जाऊ नकोस. जिना चुकशील.”

“सावकाश या,” बाई म्हणाल्या.

*

दुसरं दरपत्रक धक्क्यावरच्या दुकानात मिळालं. दुकानदाराकडे लोकरी टोप्या, लाकडी पक्षी आणि विमानाची तिकिटं होती. दर बोटीवरच्यापेक्षा थोडा कमी होता. साहेबांनी विचारलं की हे विमान कुणाचं, आणि बोटीवरून जातं ते कुणाचं. दुकानदाराने बोटाने दाखवलं. धक्क्याच्या टोकाला पाण्यावर एक पिवळं विमान बांधलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी लाकडी खोपटं.

“विमान एकच आहे,” दुकानदार म्हणाला. “आम्ही सगळे त्याचंच तिकीट विकतो.”

दुसऱ्या कुणी इथे गाशा गुंडाळला असता. पण एकच माल दोन दरांनी विकला जातोय म्हटल्यावर साहेबांच्या अंगात विलक्षण तरतरी आली. निवृत्तीनंतर असं पहिल्यांदाच होत होतं. ते जवळजवळ शीळ घालत मुख्य रस्त्याला लागले.

रस्ता चढाचा होता. दोन्ही बाजूंना दुकानं, कपडे धुण्याचं केंद्र, एक बंद पडलेलं थिएटर. अगदी वरच्या टोकाला एका म्हाताऱ्याची टपरी होती. आत खुर्ची, टेलिफोन आणि भिंतीवर त्याच विमानाचं उन्हाने उडालेलं चित्र. म्हाताऱ्याने दर सांगितला. दुकानदाराहूनही कमी होता. साहेबांनी तो लिहून घेतला आणि मग शांतपणे, घासाघीस सुरू करताना ते जसे नेहमी आवाज खाली आणत तसा आणून, म्हणाले, “समजा, दोघांपैकी एकाला दिसतच नसेल तर?”

“म्हणजे?”

“दृष्टी नसेल. तरी पूर्ण दर?”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “ज्याला दिसत नाही तो वर जाऊन काय करणार?”

“तेच म्हणतोय मी. पण हौस असते एखाद्याला.”

साहेबांनी फाइल उघडली आणि बाईंच्या प्रमाणपत्राची प्रत टेबलावर ठेवली. म्हातारा ती वाचत असताना साहेबांनी तिकिटाच्या मागच्या अटी वाचायला घेतल्या. डोक्यावरून मोठा घरघराट करत विमान गेलं. टपरीची काच थरथरली. म्हाताऱ्याने खिडकीतून मान वर करून पाहिलं.

“अकराचं,” तो म्हणाला. “आज वर काचेसारखं स्वच्छ असणार.”

“परताव्याचं कलम दिसत नाही यात,” साहेब म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

म्हाताऱ्याने फोन लावला. पलीकडच्या कुणाशी तरी तो बराच वेळ बोलला. मधेच म्हणाला, “नाही, अगदीच नाही असं नाही. कागदावर आहे.” फोन ठेवून त्याने सांगितलं की मागची मधली सीट आहे, ती निम्म्या दरात देता येईल. उद्या सकाळी नऊची फेरी. सवलतीच्या तिकिटाला परतावा नाही.

“तिला खिडकी नाही,” तो म्हणाला.

“माहितीये.”

“बरोबरचा माणूस खिडकीत बसेल. म्हणजे कोण?”

“मी,” साहेब म्हणाले. “मी तिला सांगत जाईन ना. काय दिसतंय ते.”

आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. उतारावरून परत येताना ते मनातल्या मनात सांगण्याची तयारीही करत होते. डाव्या हाताला एवढा मोठा डोंगर, उजव्या हाताला पाणी. दोघांचं मिळून दीड तिकीट. बोटीवरच्या दराशी ताडून पाहिलं तर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची बचत. मुलीला फोनवर कसं सांगायचं तेही त्यांनी ठरवून टाकलं.

*

दीड तासाचे तीन झाले होते. बाई खोलीत होत्या. दाराजवळ त्यांचे बूट पालथे घातलेले होते आणि खाली पाण्याचा ओघळ होता. गाल लालसर दिसत होते आणि केस, जे त्या कधी विस्कटू देत नसत, एका बाजूने सुटले होते. यातलं साहेबांनी तेव्हा काही लक्षात घेतलं नाही. त्यांना सांगायची घाई होती.

बाई टेबलाशी बसून माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या भागावर जाड काळ्या पेनाने काहीतरी काढत होत्या. एकात एक जाणाऱ्या रेघा, कडेकडेने, मधे मोठी मोकळी जागा. साहेबांचा आवाज आल्यावर त्यांनी पेन ठेवलं.

“काय गं हे?”

“काही नाही. हात चालतोय का बघत होते.”

चार वर्षांत त्यांनी पेन हातात धरलं नव्हतं. साहेबांच्या मनात हे येऊन गेलं, पण तिथे ते थांबले नाहीत. त्यांनी पलंगावर बसून सगळं सविस्तर सांगितलं. विमान एकच. दर तीन. आणि तिसऱ्याने दिलेली सवलत. तिकिटं त्यांनी बाईंच्या हातात दिली. बाईंनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला.

“मधली सीट म्हणजे, खिडकी नाही ती?”

“अगं, म्हणजे बघ, तुला तसंही…” साहेब अडखळले. “मी खिडकीत बसतो आणि तुला एकेक सांगतो. रेडिओवर सांगतात तसं. तू डोळे मिटून ऐक नुसती.”

“सवलत मिळायला काय दाखवलंत?”

“प्रमाणपत्र. त्यासाठीच तर असतं ते.”

साहेब वाट पाहत राहिले. आता काहीतरी ऐकावं लागणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. उत्तरंही तयार होती. पण बाईंनी तिकिटं परत त्यांच्या हातात दिली.

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “भूक लागलीये मला. वर जाऊन जेवू या?”

जेवताना बाईंनी दोनदा वाढून घेतलं. कितीतरी दिवसांनी. साहेबांना वाटलं, चला, मान्य झालं एकदाचं. संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन करून उद्याचं ठरल्याचं सांगितलं. “आईला द्या,” मुलगी म्हणाली. बाई फोनवर फारसं बोलल्या नाहीत. फक्त शेवटी म्हणाल्या, “हो गं. तू पाठवलंस त्याचं चीज झालं.”

उद्याचं उद्या होणार असताना हे आजच कसं म्हणाली, असा प्रश्न साहेबांना पडायला हरकत नव्हती. पडला नाही.

*

सकाळी डोंगर अर्ध्यातून कापले गेले होते. वरचा अर्धा भाग ढगात होता. लाकडी खोपट्यात एक स्टोव्ह, सहा-सात खुर्च्या आणि भिंतीशी धान्याच्या दुकानात असतो तसा मोठा वजनकाटा. विमान लहान असल्यामुळे प्रत्येकाचं वजन करून मगच कुणी कुठे बसायचं ते ठरतं, असं तिथल्या मुलीने सगळ्यांना समजावून सांगितलं. तिच्या हातात जाड रजिस्टर होतं.

“विमान सुटणार ना नक्की?” साहेबांनी विचारलं.

“सुटेल, काका. पायलट खालून खालून नेतील. वर बर्फापर्यंत जाता येईल का, ते मात्र सांगता येत नाही.”

साहेब काट्यावर चढले. मुलीने आकडा लिहिला. मग ते खाली उतरले आणि वळून त्यांनी बाईंच्या कोपराला धरलं.

“इकडे ये. एक पायरी आहे, जपून.”

मुलीने रजिस्टरमधून मान वर केली आणि तिचा चेहरा खुलला.

“अय्या, आजी! परत आलात?” ती म्हणाली. “तुम्ही नका चढू काट्यावर. तुमचं कालचं आहे ना लिहिलेलं, अठ्ठेचाळीस.” तिने एक पान मागे उलटलं, पुन्हा पुढे आली आणि रांगेतली नावं बोटाने शोधली. “पण आज तुम्हाला मधली सीट कशी दिली? काल तर वजनाला सगळ्यात हलक्या म्हणून पायलटच्या शेजारी बसवलं होतं. पुढची पूर्ण काच.”

खोपट्यातले बाकीचे चौघे आपापल्या लाइफ जॅकेटांचे बंद लावत होते. कुणाचं लक्ष नव्हतं. साहेबांचा हात अजून बाईंच्या कोपराला होता. तो त्यांनी काढून घेतला.

“काल?” ते म्हणाले.

“अकराचं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही गेलात आणि मी परत काउंटरवर गेले. त्या मुलीने इथपर्यंत हात धरून आणून सोडलं. चांगली आहे पोरगी.”

“एकटी?”

“एकटीच.”

साहेबांच्या मनात पुष्कळ काही आलं. टपरीची थरथरलेली काच आली. पालथे घातलेले बूट आले. जाड पेनाच्या रेघा आल्या. यातलं काहीतरी विचारायला हवं होतं, निदान काय दिसलं एवढं तरी. पण चौतीस वर्षांची जीभ, तिने तिची वाट सोडली नाही.

“किती घेतले त्यांनी?”

मुलीने बाईंच्या गळ्यात जॅकेट अडकवलं. बाईंनी चाचपडत बंद शोधला आणि स्वतःच खटका लावला.

“मी विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या.

पाण्यावर विमान हलत होतं. पायलटने एकेकाला हात देऊन आत घेतलं. साहेब मागच्या रांगेत मधल्या सीटपाशी थांबले, वाकून, डोकं छताला लागेल म्हणून हाताने धरून.

“तू बस खिडकीत,” ते म्हणाले. “मी बसतो मधे.”

“नको.”

“अगं बस. मी म्हणतोय ना.”

“तुम्हीच बसा,” बाई म्हणाल्या. “माझं बघून झालंय.”

त्या मधे बसल्या आणि त्यांनी पट्टा आवळला. साहेबांना खिडकीशी सरकावं लागलं. विमान पाण्यावरून धावलं, उचललं गेलं, आणि गावाची छपरं खाली गेली. चढाचा रस्ता दिसला. रस्त्याच्या टोकाची टपरी ओळखू आली. माणसं असतील तर दिसत नव्हती.

इंजिनाच्या आवाजात बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. साहेबांनी ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली. “डाव्या हाताला डोंगर आहे,” ते म्हणाले. “खाली पाणी. झाडं आहेत. वर, वर ढगच आहेत बरेच.” एवढं सांगून झाल्यावर सांगण्यासारखं काही राहिलं नाही. खिडकीत राखाडी भिंत आली होती आणि ती हलत नव्हती.

बाईंनी डोळे मिटले होते. थोड्या वेळाने विमान एका अंगावर कललं, तशा त्या बोलायला लागल्या. मोठ्याने नाही, पण साहेब वाकलेलेच होते म्हणून ऐकू आलं.

“इथे नदीचे तीन फाटे होतात. मधला दुधासारखा, बाजूचे दोन हिरवट.”

साहेबांनी काचेला कपाळ लावलं. ढग.

“आता दोन्हीकडून बर्फ खाली उतरतो आणि एका ठिकाणी मिळतो. मिळतो तिथे मधोमध काळी रेघ आहे, खडकांचा चुरा. मैलोन् मैल जाते. अशीच काढायचे मी ती. मला वाटायचं, एवढी सरळ नसणार, फोटोतली चूक असेल.” त्यांनी मांडीवर बोटाने रेघ ओढली. “सरळच आहे.”

“हो?” साहेब म्हणाले.

“त्याच्यावर निळी तळी. लहान लहान. ती मला दिसली नाहीत, पायलटने सांगितलं. पण निळं दिसलं.”

विमान ढगाच्या खाली खाली फिरत राहिलं. पायलटने मान मागे करून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं की आज वर जाता येणार नाही, परत फिरतोय. पुढच्या सीटवरच्या माणसाने खांदे उडवले. साहेबांच्या खिशात वही होती. ती काढावी असं त्यांना वाटलं नाही. त्यांना वेगळंच वाटत होतं, आणि ते इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते, त्यामुळे त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेना.

“अगं,” ते म्हणाले. “त्या डोळ्याच्या वेळी…”

बाईंनी डोळे उघडले. साहेब थांबले आणि सवयीने त्यांनी मान किंचित वळवली, बाईंची नजर कानाच्या बाजूला येईल, चेहरा त्यांना सापडेल अशी.

बाईंनी मान वळवली आणि थेट त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अगदी सरळ, नाकासमोर. विमान पाण्यावर टेकेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग पायलटने दार उघडलं, आणि मधल्या सीटवरच्या असल्यामुळे त्यांना साहेबांच्या आधी उतरता आलं.